खरवडलेला बंब

बायको गिरजाबाई वारल्यापासून बळीराम थंड पाण्यानं आंघोळ करायचा. ती आषाढात गेली. तेव्हा पावसाळाच होता, त्यामुळं त्याचं काही वाटलं नाही. पुढं दिवाळी झाली, नळाचं पाणी अंगाला टोचायला लागलं, तरी न्हाणीच्या कोपऱ्यातला तांब्याचा बंब त्यानं पेटवला नाही. बंबावर तो आपली ओली लुंगी वाळत टाकायचा. भिलाईतल्या सेक्टर दोनच्या त्या क्वार्टरात आता तो एकटाच होता आणि लुंगी कुठं टाकतोस म्हणून विचारणारं कोणी राहिलं नव्हतं.

पौष लागला तेव्हा एका गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, तो सायकलीनं दुर्गला, मोहन नगरात गेला. ललिता, त्याची एकुलती एक मुलगी, तिथं दिली होती. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. वंदना झाली, हार घातले आणि दुपारपर्यंत पंगती उठल्या, असं साधं लग्न. जावई अरुणकुमार भिलाई-तीनच्या रेल्वे यार्डात होता. ललिताला आठवा महिना सरत आला होता.

विहीण सिंधुताई ओसरीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. जयभीम झाला, पाणी झालं. बळीरामनं मनात घोळवत आणलेलं वाक्य एकदाचं बोलून टाकलं.

"ईनबाई, पोरीले घेऊन जातो म्हणतो. पयलं बाळंतपण हाय."

सिंधुताईंनी सुपातून मान वर केली नाही. "न्या न. पण कोनाच्या भरोशावर?"

"माह्या."

"तुमच्या." त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला. "बाळंतिणीले दोन वेळा कढत पाणी लागते, इवाई. लेकराले येगळं. तुमच्या घरी चहाचं पाणी तरी तापते का?"

आतून ललिताचं हसू ऐकू आलं. बळीरामही थोडा हसला.

"चहा बाहेर पेतो. पण बंब हाय न घरी."

"बंब तर हाय. पेटते का?"

"पेटते."

"मंग मी येतो पुढच्या आयतवारी. डोयानं पायतो. पेटला तर खुशाल न्या पोरीले, मी अडवनार नाई. नाई पेटला तर इथंच ऱ्हाऊ द्या. मंग तोंड पाडून बसाचं नाई."

बळीरामला राग आला नाही. सिंधुताई सगळ्यांशीच असं रोखठोक बोलायच्या, आणि ज्याच्या घरी बाईमाणूस नाही त्याला हे विचारणं चुकीचंही नव्हतं. पण पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. नाही तर आई गेली तसं पोरीचं माहेरही गेलं असं लोकांनी म्हटलं असतं. लोकांचं एक वेळ सोडा, त्याला स्वतःलाच तसं वाटलं असतं. शिवाय घरात सकाळी कोणीतरी खोकावं, भांडं वाजावं, रडावं, असं त्याला वाटत होतं. हे तो कोणाजवळ बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं बंबावरची लुंगी काढली.

बंब नागपूरच्या इतवारीतून आणलेला होता. तुमसरकडचं गाव सोडून ही दोघं भिलाईला आली तेव्हा इथं कारखाना उभा राहत होता. आधी दोघांनी मातीकाम केलं, मग बळीराम पॉवर प्लँटच्या बॉयलर हाउसमध्ये लागला. क्वार्टर मिळालं तेव्हा गिरजाबाईनं दुसरं काही मागितलं नाही, बंब मागितला. गावात चुलीवरच्या गुंडात पाणी तापवून तिचा जीव विटला होता. बंबाची रचना सोपी होती. मधोमध एक नळकांडं, त्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायची जागा. नळकांड्यात विस्तव, नळकांड्याच्या भोवती पाणी. वरच्या बाजूनं तोंडातून गार पाणी ओतायचं आणि खालच्या तोटीतून गरम घ्यायचं.

बळीरामनं बॅटरी लावून तोंडातून आत पाहिलं. मधल्या नळकांड्यावर पांढरा थर चढलेला होता. कुठं पातळ, कुठं चांगला बोटभर जाड, ओबडधोबड.

तो थर पाहून त्याला जरा बरंच वाटलं. हे त्याच्या हातचं काम होतं. बॉयलर हाउसमध्ये त्याचं मुख्य काम तेच. बॉयलर बंद झाला, थंड झाला, की आत शिरायचं आणि पाण्याच्या बाजूला धरलेला पांढरा थर, ज्याला तिथं स्केल म्हणत, तो ठोकून, खरवडून काढायचा. थर राहिला तर आच पाण्यापर्यंत पोचत नाही, कोळसा फुकट जातो, पत्रा तापून लाल होतो आणि नळी फुटते. हे फोरमननं त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं आणि फोरमनला रशियन इंजिनिअरनं. तेव्हापासून बळीरामच्या लेखी पांढरा थर म्हणजे दुश्मन. गिरजाबाईनं एवढी वर्षं बंब वापरला, पण आतून एकदाही साफ केला नाही, असं त्याच्या मनात आलं. तिला तरी कोण शिकवणार, असंही आलं.

त्यानं एका लोखंडी सळईचं टोक ठोकून चपटं केलं, थोडं वाकवलं आणि तोंडातून आत घालून खरवडायला बसला. दुपारची शिफ्ट होती, त्यामुळं सकाळ मोकळी होती. दोन सकाळी त्यातच गेल्या. कामात कसूर करायची त्याला सवय नव्हती. खपल्या पडत गेल्या, त्या त्यानं बंब उलटा करून झटकल्या आणि टोपलीत भरून मागच्या मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या झाडाखाली टाकून दिल्या. मग बाहेरून चिंच आणि राख लावून बंब घासला. आतून बाहेरून तांबं कसं नव्यासारखं दिसायला लागलं.

तिसऱ्या दिवशी त्यानं बंब भरला. जळण म्हणून त्याच्याकडे मशिनींच्या खोक्यांच्या फळ्या होत्या. रशियाहून मशिनी यायच्या त्या भल्या मोठ्या लाकडी खोक्यांतून, आणि त्या फळ्या फोडून बाजारात जळण म्हणून विकायला यायच्या. निम्मी भिलाई त्यावर स्वैपाक करायची. त्यानं ढलप्या टाकल्या, वर घासलेटाचा बोळा टाकला, काडी लावली. जाळ चांगला धरला. बळीराम पाटावर बसून राहिला.

थोड्या वेळानं आतून चर्र आवाज आला. मग परत. जाळ बसका झाला, पिवळा धूर यायला लागला आणि राखेच्या जागेतून काळं पाणी न्हाणीभर पसरलं. विस्तव विझला.

त्यानं परत पेटवला. परत तेच झालं.

दुपारी बॉयलर हाउसमध्ये चिंधूनं त्याचं तोंड पाहिलं. चिंधू त्याच्याच शिफ्टचा, लाखनीकडचा, तोंडाचा फाटका पण जिवाला जीव देणारा.

"काऊन बे, आज तोंड काऊन असं? घरच्या बॉयलरचं शटडाउन घेतलं होतं म्हने तू."

"घेतलं होतं. आता गळून राहिला."

"ट्यूब लीक?"

"चार-पाच जागी असन. सारा इस्तो इझवते."

"मंग रिपोर्ट दे न फोरमनले." चिंधू हसत होता. "घरची फोरमन..." आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं. त्यानं खिशातून बिडीचं बंडल काढलं आणि एक बिडी बळीरामपुढं केली. बळीरामनं ती घेऊन कानावर ठेवली. दोघं आपापल्या कामाला लागले.

पुढच्या सकाळी बळीरामनं बंब सायकलच्या कॅरियरला दोरीनं बांधला आणि दुर्गच्या बाजारात नेला. तांब्या-पितळेची भांडी ठोकणारा म्हातारा तिथं दुकानाच्या पायरीवरच बसलेला असायचा. त्यानं बंब आडवा केला, नळकांड्यात दिवा धरला आणि बळीरामला वरच्या तोंडातून बघायला सांगितलं. अंधारात बारीक बारीक ठिपके चमकत होते.

"ये तो कागज हो गया है," म्हातारा म्हणाला. "टाँका लगाऊँगा तो बाजू में फटेगा. नली पूरी बदलनी पड़ेगी."

"कब तक?"

"माल बाहर से आएगा. होली के बाद देखो." म्हाताऱ्यानं नळकांड्यावर नख वाजवलं. "पुराना छेद है सब. अब तक कौन चलाता था इसको?"

"घरवाली."

"तो उसी से पूछो, कैसे चलाती थी."

बळीरामनं मान डोलावली, बंब परत बांधला आणि सायकल ढकलतच निघाला. होळीपर्यंत थांबायला त्याला वेळ नव्हता. नवा बंब घ्यायचा विचार त्याच्या मनात आला, पण गिरजाबाईच्या दुखण्यात जवळचं होतं ते सगळं गेलं होतं.

घरासमोर बंब सोडवत होता तेव्हा शेजारच्या भीमाबाई दारात वाती करत बसल्या होत्या. त्या गिरजाबाईपेक्षा मोठ्या. त्यांचे मालक भय्याजी कारखान्यात पहारेकरी होते. दोन्ही घरांच्या मागच्या अंगणांमधली भिंत एकच आणि दोघी बायकांची निम्मी बोलणी त्या भिंतीवरूनच व्हायची.

"बळीरामभाऊ, बंबाले फिराले नेलं होतं का?"

"गळून राहिला जी. अंदरून साफ केला न, तवापासून."

भीमाबाईंचा हात थांबला. "अंदरून म्हन्जे?"

"पांढरं सारं बसलं होतं. खरवडून काढलं."

"सारं?"

"सारं."

भीमाबाईंनी कापूस मांडीवरून खाली ठेवला. "काय माणूस हाय बाप्पा. बिचाऱ्या बंबाचं कातडं सोललं तुमी."

बळीरामनं बंब कॅरियरवरून उतरवून खाली ठेवला.

"ते बसलेलं नव्हतं, भाऊ. ते लावलेलं होतं. चुना अन् गूळ. त्याच्यात जरासा कापूस पिंजून टाके ते. दरसाल दिवाळी झाली का गिरजा बंब आडवा पाडे अन् हात घालून लेप लावे. माह्याच घरून चुना नेये, पानाचा. तिनं का सांगितलं नाई तुमाले?"

"नाई."

"तुमी विचारलं नसन."

त्यानं बंब न्हाणीत नेऊन ठेवला आणि मागं मुनग्याखाली गेला. खपल्या तिथंच पडल्या होत्या, दवानं ओल्या झालेल्या. त्यानं एक उचलली. पातळ खपल्या नुसत्या चुनखडीच्या होत्या, बॉयलरात असतात तशा. पण जाड तुकड्यांत कापसाचे तंतू दिसत होते. इतकी वर्षं स्केल खरवडणाऱ्या माणसाला स्केलमध्ये तंतू नसतात हे कळायला पाहिजे होतं. एका तुकड्यावर गोलसर खळगा होता, ओला लेप बोटानं दाबल्यावर पडतो तसा. बळीरामनं आपलं बोट त्यावर ठेवून पाहिलं. ते खळग्याला मोठं झालं. त्यानं तुकडा परत खाली टाकला, हात धुतले आणि डबा घेऊन ड्यूटीवर गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं भीमाबाईंना चुना मागितला.

लेप कालवणं अवघड नव्हतं. भीमाबाईंनी भिंतीवरून सांगितलं तसं त्यानं गूळ किसला, चुन्यात मळला, कापूस पिंजून घातला. अवघड होतं ते लावणं. बंबाच्या तोंडातून त्याचा हात मनगटापर्यंतच जाई. गिरजाबाईचा हात कोपरापर्यंत जात असणार. भीमाबाईंनीही येऊन हात घालून पाहिला, तोही अडकला.

"ललिताचा गेला असता," त्या म्हणाल्या. "पोरगी मायवर गेली. पन तिले आता वाकता नाई येत."

शेवटी त्यानं बांबूची कामटी घेतली, टोकाला चिंधी बांधली, नळकांड्यात बॅटरी ठेवली आणि जिथं जिथं उजेडाचा ठिपका दिसे तिथं तिथं लेपाचा गोळा नेऊन दाबला. लेप कामटीला चिकटून परत यायचा. चुकीच्या जागी लागायचा. पहिल्या खेपेला त्यानं घाई केली, दुपारी पाळीला जायच्या आधी लावून दुसऱ्या सकाळी लगेच पेटवलं. अर्धी बादली तापली आणि लेप सुटला.

"तुमी लिंबाएवढा गोळा लावता," भीमाबाई म्हणाल्या. "थो पडते आपल्या वजनानं. बोराएवढा लावा. अन् वाळू द्या. तुमचा कारखाना नाई तो, का शिफ्ट बदलली का चालू."

"आयतवारी ईनबाई येनार हाय जी."

"येऊ द्या. लेपाले का ईनबाई समजते?"

त्यानं परत लावला. बोराएवढा. या वेळी बंब आडवाच ठेवला आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही. शनिवारी थोडा जाळ घातला. चर्र झालं नाही. तोटी सोडली तर पाणी वाफाळत आलं. बळीरामनं बादली भरली, आषाढानंतर पहिल्यांदा गरम पाण्यानं आंघोळ केली आणि बाहेर येऊन अंग न पुसता बराच वेळ उभा राहिला. भिंतीपलीकडून भीमाबाई म्हणाल्या, "कापडं घाला आता, थंडी वाजन."

रविवारी सिंधुताई आणि ललिता बसनं आल्या. बळीरामनं घर झाडलं होतं, चहा केला होता. सिंधुताईंनी खोली पाहिली, चुलीची जागा पाहिली, खाट हलवून पाहिली. मग पदर खोचून न्हाणीत गेल्या. बंब पेटलेला होता.

"चकाकते तर चांगला," त्या म्हणाल्या. "ललिता, न्हाऊन घे."

"आता, आत्याबाई?"

"आता नाई तं का बाळ झाल्यावर? तवा पाहून का उपेग?"

ललिता आंघोळीला गेली. बळीराम आणि सिंधुताई अंगणात बसले. बळीरामचे कान न्हाणीकडे होते. बादली भरल्याचा आवाज आला, मग पाणी ओतल्याचा, मग परत बादली भरल्याचा. चर्र काही आलं नाही. सिंधुताई यार्डातल्या गोष्टी सांगत होत्या, अरुणकुमारला कशी सारखी रातपाळी पडते, ते सांगत होत्या. बळीराम हूं हूं करत होता.

ललिता केस पंचानं गुंडाळून बाहेर आली. तिचं तोंड लाल झालं होतं.

"कसं होतं पानी?" सिंधुताईंनी विचारलं.

"लय गरम. मायच्या हातचं असावं तसं."

सिंधुताईंनी मान हलवली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "ठीक हाय, इवाई. मी बोलली तं बोलली. पुढच्या आठवड्यात अरुण आणून सोडन तिले. त्या शेजारणीशी बोलून ठेवा, आंग चोळाले कोणी लागन." चपला पायात घालता घालता त्यांनी सहज विचारलं, "गळतगिळत तं नाई न बंब?"

नाही म्हटलं की संपलं होतं. शेजारच्या दारात भीमाबाई उभ्या होत्या आणि त्यांचीही मान नाही म्हणून हलली.

पण बळीरामला लेपाचा भरवसा नव्हता. दोन पेटवण्या टिकला, तिसरी टिकेल का, हे त्याला सांगता आलं नसतं. फुटला तर एखाद्या सकाळी ललिता उघडी बसलेली असेल, मांडीवर ओलं लेकरू असेल आणि विस्तव विझून जाईल. बॉयलर हाउसमध्ये फुटकी नळी बुजवून चालवायला कोणाची हरकत नसे. पुढच्या पाळीला ती सांगायची मात्र असे.

"गळते," तो म्हणाला.

"का म्हनलं?"

"गळते, ईनबाई. जुना हाय. गिरजा लेप लावून बुजवून ठेवे. म्या तो लेप मळ समजून खरवडून टाकला. आता म्या लावला हाय, पन तिच्यासारखा नाई जमला. टिकते का नाई, मले नाई माईत."

ललितानं केसांवरचा पंचा काढला. "तुमी मायचा लेप काढला, बाबा?"

"काढला."

ती पंचा घेऊन उंबऱ्यावर जाऊन बसली. सिंधुताईंनी चपला परत काढल्या आणि खाली बसल्या.

"हे मले पेटवायच्या अगुदर सांगता नाई आलं?"

"तुमी विचारलं नाई."

"अन् आता नसतं विचारलं तं?"

बळीरामनं थोडा विचार केला. "सांगतलं असतं. पन दोन-तीन दिस लावले असते."

"खरं बोलता, हे तं बरं हाय," सिंधुताई म्हणाल्या. "पन पोरगी आता इथं नाई ऱ्हायची. माघाची थंडी, नवं लेकरू अन् असा बंब. मी नाई ठेवत."

"मी पाणी चुलीवर तापवीन."

"अन् पाळीवर कोन जाईन? चूल का?"

बंबाच्या नादात त्यानं आपल्या पाळ्यांचा हिशेबच मनात धरला नव्हता. ललिता उंबऱ्यावर बसली होती आणि पंच्याचं टोक पिळत होती. तिला यायचं होतं, हे दिसत होतं, पण सासूपुढं ती बोलणार नव्हती.

सिंधुताईंनी तिच्याकडं एकदा पाहिलं.

"एक सांगा, इवाई. तुमाले पोरगी घरी पायजे, का पोरीले गरम पानी पायजे?"

"दोनी पायजे होतं."

"एक सांगा म्हनलं मी."

"पानी," बळीराम म्हणाला.

"मंग माह्या घरी येऊन तापवा. आमचा बंब बरा हाय, पन धुरानं माह्या डोयाले धार लागते, अरुणची रातपाळी. फळ्या फोडाचं काम मले होत नाई. बाळंतपण माह्या घरी होईन, पानी माहेरचं होईन. मंजूर?"

"पोरीच्या सासरी बाप रोज पानी तापवाले येते, हे बरं दिसन का जी? लोक का म्हनतीन?"

"म्हनतीन, सिंधुबाईनं इवाई कामाले ठेवला. म्हनू द्या. फुकटात मिळाला म्हनून जळतीन अजून."

ललिता हसली, मग पंच्यानं तोंड झाकलं. शेजारच्या दारातून भीमाबाईही हसल्या.

"पाळी पाहावी लागन," बळीराम म्हणाला.

"पाहा." सिंधुताईंनी चपला घातल्या. "चाल वो ललिता, बस जाईन."

त्या गेल्यावर त्यानं तोटी सोडून उरलेलं पाणी काढून टाकलं. गरम होतं, पण वापरावंसं वाटलं नाही. ललिता येणार नव्हती. खाट त्यानं परत भिंतीला लावली. भीमाबाईंनी भिंतीवरून भाजी दिली आणि म्हणाल्या, "मी नाई म्हनून मान हालवत होतो, तुमी पाहालं नाई का?"

"पाहालं."

"मंग?"

"मंग काई नाई," तो म्हणाला आणि भाजी घेऊन आत गेला.

चिंधूनं पाळी बदलून दिली, महिनाभर. "इवायाच्या घरी बॉयलर अटेंडंट," असं तो सगळ्या बॉयलर हाउसमध्ये सांगत फिरला. रशियन इंजिनिअरलाही खुणा करून सांगितलं म्हणे, आणि त्याला काय समजलं कोण जाणे, पण त्यानं बळीरामचा हात धरून जोरजोरात हलवला.

माघात ललिताला मुलगी झाली. पहाटे, घरीच, सुईणीच्या हातानं. अरुणकुमार यार्डात निरोप मिळताच परस्पर सायकल हाणत सेक्टर दोनला आला आणि त्यानं दार वाजवलं तेव्हा बळीराम उठलेलाच होता. तो तसाच निघाला.

त्या दिवसापासून रोज उजाडायच्या आत त्याची सायकल मोहन नगरात शिरायची. कॅरियरला फळ्यांचा गठ्ठा असायचा. गल्लीतल्या बाया नळावर असायच्या.

"आले वो बंबवाले इवाई," एखादी म्हणायची.

"आमच्या इथंबी येजा जाता जाता," दुसरी म्हणायची.

पहिले काही दिवस तो मान खाली घालून जाई. पुढं पुढं म्हणायला लागला, "रांग लावा, नंबर लागन." मग बाया त्याला चिडवायच्या थांबल्या, किंवा त्यांनी दुसरं काही शोधलं.

सिंधुताईंची न्हाणी अंगणात होती. तीन बाजूंनी बांबूचे तट्टे आणि समोर जुन्या लुगड्याचा पडदा. बंब पडद्याच्या बाहेर, तट्ट्याला लागून. तोटी आतल्या बाजूला काढलेली होती. बळीराम फळ्या फोडायचा, जाळ करायचा, पाणी ओतायचा आणि पडद्याकडं पाठ करून बसायचा. आत सुईण ललिताचं अंग चोळायची, मग मुलीला पायावर घेऊन न्हाऊ घालायची. मुलगी जोरात रडायची. सिंधुताई आतून हुकूम सोडायच्या. जाळ वाढवा, जाळ कमी करा, धूर इकडं येते.

एके दिवशी थंडी जास्त होती म्हणून त्यानं फळ्या जरा जास्तच घातल्या होत्या. आत तोटी सोडल्याचा आवाज आला. मग सुईण काही पुटपुटली आणि मुलगी रडायची थांबली, कोणीतरी तिला उचलून घेतलं असावं.

"बाबा," ललितानं हाक मारली. "लय कढत झालं. हात नाई लावता येत. इसन पायजे."

कढत पाण्यात मिसळायचं गार पाणी. घरी ते गिरजाबाई आधीच काढून ठेवायची. त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आणतो," बळीराम म्हणाला, आणि लोटा घेऊन रांजणाकडे गेला.